टॅमवर्थचे कलम

बंगळूरच्या औद्योगिक वैभवाची कथा सांगताना विमाने, टेलिफोन, यंत्रहत्यारे आणि घड्याळे यांची नावे ओळीने घेतली जातात. १९४० साली विमानाचा कारखाना आला, १९४८ मध्ये टेलिफोनचा, १९५३ मध्ये हिंदुस्थान मशीन टूल्स आणि त्यापाठोपाठ भारत इलेक्ट्रॉनिक्स. या यादीत मोटारगाडीला स्थान नाही. वास्तविक या शहराने ध्यास घेतला होता तो आधी मोटारीचा; विमान नंतर आले. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३५ च्या सुमारास युरोप-अमेरिकेचा दौरा करून स्वदेशी मोटार कारखान्याची सांगोपांग योजना आखली होती. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी ती उचलून धरली. म्हैसूर संस्थानाची सहानुभूती होती, बंगळूरची जागा अनुकूल होती. पण तत्कालीन भारत सरकारने सहकार्य नाकारले. त्याच वालचंदांनी पुढे बंगळुरात विमानाचा कारखाना उभारला आणि मोटारीसाठी १९४४ मध्ये मुंबईत प्रीमियर कंपनी स्थापन केली. बंगळूरची मोटार राहून गेली ती राहूनच गेली.

पुढे सुमारे चार दशकांनी या शहरातून मोटारी निघू लागल्या तेव्हा त्यांना विश्वेश्वरय्यांच्या योजनेतील भव्यता नव्हती. ओतशाळा, दाबयंत्रांच्या रांगा, हजारो कामगार यांपैकी काही नव्हते. काचेच्या तंतूंवर राळ थापून केलेली, दोन दरवाजांची, आठशे अठ्ठेचाळीस घनसेंटिमीटर क्षमतेच्या एंजिनाची ती चिमुकली गाडी होती. नाव डॉल्फिन, कर्ता सिपाणी ऑटोमोबाइल्स. इंग्लंडमधील टॅमवर्थ गावच्या रिलायंट कंपनीच्या ‘किटन’ या गाडीचे ते भारतीय कलम होते. कलम हा शब्द मी येथे माळ्याच्या अर्थाने वापरला आहे. परंतु कायद्याच्या पुस्तकातले कलमही या कथेत पदोपदी आडवे येते, किंबहुना या गाडीचा जन्म, तिचा प्रवास आणि तिचा अंत ही तिन्ही त्या दुसऱ्या कलमाचीच करणी आहे. ज्यांचे आयुष्य फायलींत चालले आहे, अशा आपणा वाचकांना या इतिहासात रस वाटावा तो याचसाठी.

प्रथम या काचतंतूंविषयी. पोलादी पत्र्याची मोटार करायची म्हणजे तिच्या प्रत्येक भागासाठी अजस्र दाबयंत्रात बसणारे पोलादी डाय घडवावे लागतात. हे डाय अतिशय खर्चाचे असतात आणि तो खर्च लाखो गाड्यांवर विभागला गेला तरच अंगावर येत नाही. म्हणजे ज्याच्याकडे आधीच मोठी बाजारपेठ आहे त्यानेच मोटार करावी, असा हा न्याय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पॉलिएस्टर राळ आणि काचेचे तंतू यांच्या मिश्रणाने हा न्याय एका कोपऱ्यात का होईना, पण मोडला. पेणच्या गणपतीचा कारखाना ज्याने पाहिला असेल त्याला ही रीत समजावून सांगावी लागणार नाही. आधी मूळ आकृती, तिच्यावरून उलटा साचा, साच्याच्या आतल्या अंगाला गुळगुळीत रंगीत थर. त्यावर काचेच्या तंतूंची चटई अंथरायची, ब्रशाने राळ पाजायची, रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे आणि वाळले की साचा सोडवायचा. यंत्र जवळजवळ नाही. हात आणि धीर हेच भांडवल. साचा स्वस्त, पण प्रत्येक नगाला वेळ भरपूर. शंभर-दोनशे गाड्या काढणाऱ्याला हे वरदान आहे. लाख गाड्या काढणाऱ्याला मात्र हीच रीत परवडत नाही. हा हिशेब लक्षात ठेवावा, कारण पुढे बंगळुरात त्याचाच प्रत्यय आला.

युद्धोत्तर इंग्लंडमध्ये या तंत्राला करकायद्याने हात दिला. तेथे नव्या मोटारीवर खरेदीकर असे. १९५३ मध्ये तो शेकडा पन्नासवर आला, १९५५ मध्ये पुन्हा वाढून शेकडा साठ झाला. मात्र तयार मोटार आणि मोटारीचे सुटे भाग यांत कायदा भेद करीत असे. भाग विकत घेऊन ज्याने त्याने आपल्या घरच्या गाळ्यात गाडी जोडली, तर हा कर लागत नसे. झाले, गावोगावी लहान कारखानदार निघाले. जुन्या ऑस्टिन सेव्हनचा किंवा फोर्डचा सांगाडा घ्यायचा, त्यावर काचतंतूंचे नवे कवच चढवायचे आणि पेटीत भरून विकायचे. लोटस कंपनीची १९५७ ची ‘सेव्हन’ ही या पंथातली सर्वांत नामांकित. जोडणीच्या सूचना पेटीत घातल्या तर ती तयार गाडी समजली जाईल, अशी त्या कायद्याची मेख असल्यामुळे लोटसवाल्यांनी गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना छापल्या आणि गिऱ्हाइकाने त्या शेवटून पहिल्याकडे वाचाव्या अशी सोय केली, असे सांगतात. खरे-खोटे त्या कारखान्याला ठाऊक. पण ज्याने परिपत्रकांचा अर्थ लावण्यात दुपारी घालविल्या आहेत, त्याला ही गोष्ट अशक्य वाटणार नाही. १ एप्रिल १९७३ रोजी खरेदीकर जाऊन त्या जागी मूल्यवर्धित कर आला आणि सुट्या भागांची ती पळवाट बुजली. त्याच वर्षी लोटसने ‘सेव्हन’चे हक्क दुसऱ्याला देऊन टाकले.

रिलायंटची वाट थोडी निराळी. तिने पेटीतल्या गाड्यांवर भिस्त ठेवली नाही. तिने दुसरे कलम धरले. टी. एल. विल्यम्स नावाचे एक गृहस्थ नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीत नोकरीला होते. ही आपल्याकडे सायकलींसाठी ठाऊक असलेलीच कंपनी. तिने तीनचाकी गाड्या काढणे सोडले, तेव्हा विल्यम्स यांनी नोकरी सोडली आणि टॅमवर्थला आपल्या घराच्या मागील अंगणात तीनचाकी मालगाडी जोडायला घेतली. १९३५ च्या प्रारंभी ती रस्त्यावर आली. पुढे ऑस्टिनने आपल्या ‘सेव्हन’ गाडीचे एंजिन बंद केले तेव्हा त्यांनी ते स्वतः करावयास घेतले. युद्धानंतर ‘रीगल’ नावाची प्रवासी गाडी निघाली आणि १९५६ च्या सुमारास तिचे सारे अंग काचतंतूंचे झाले.

तीन चाके का? हौस म्हणून नव्हे. इंग्लंडच्या कायद्यात आठ हंड्रेडवेटच्या आतली, म्हणजे सुमारे चारशे सहा किलोपर्यंतची, तीनचाकी ही मोटारसायकलीच्या वर्गात धरली जात असे. तिच्यावर रस्ताकर कमी आणि ती चालवायला मोटारसायकलचा परवाना पुरेसा. उत्तरेकडच्या खाणकामगाराने तारुण्यात मोटारसायकल घेतलेली असे. लग्न झाले, मुले झाली. डोक्यावर छप्पर हवे, पण मोटारीची परीक्षा देण्याची उमेद नाही. त्याच्यासाठी ही गाडी. चारशे सहा किलोंत चार माणसांची गाडी बसवायची तर पोलादी पत्रा चालणार नाही, म्हणून काचतंतू. ओतीव लोखंडाचे एंजिनही चालणार नाही. म्हणून १९६२ मध्ये रिलायंटने सर्वस्वी ॲल्युमिनियमचे चार सिलिंडरचे एंजिन काढले. ब्रिटनमध्ये मोठ्या प्रमाणावर निघालेले हे तशा प्रकारचे पहिले एंजिन होय. एका वजनाच्या आकड्यापायी केवढे यंत्रकौशल्य खर्ची पडले पाहा! लोक या गाडीला हसत, वळणावर ती कलंडते म्हणून विनोद करीत. पण तिच्या बॉनेटखाली जे होते ते हसण्यासारखे नव्हते.

१९७३ मध्ये रीगलची जागा ‘रॉबिन’ने घेतली आणि १९७५ मध्ये रॉबिनलाच चौथे चाक लावून ‘किटन’ आली. एंजिन आठशे अठ्ठेचाळीस घनसेंटिमीटरचे, शक्ती सुमारे चाळीस अश्वशक्ती, वजन सव्वापाचशे किलोंच्या आसपास. चोवीस फुटांच्या वर्तुळात ती वळे. लंडनच्या टॅक्सीलाही ते साधत नसे. पेट्रोल अत्यल्प पीत असे. गंजण्याची भीती बॉडीला नाही. तरीही ती चालली नाही. चौथे चाक लागताक्षणी तिचे कलम सुटले होते. आता ती कायद्याने मोटार झाली होती आणि मोटार म्हणून तिला ‘मिनी’शी झुंजायचे होते. मिनी लाखांनी निघत असल्यामुळे स्वस्त. किटन हाताने थापली जात असल्यामुळे महाग. सात वर्षांत चार हजारांच्या थोड्या वर गाड्या काढून १९८२ साली टॅमवर्थने तिचे उत्पादन थांबविले.

पण रिलायंटला दुसराही एक व्यवसाय साधला होता, तो म्हणजे गाड्यांऐवजी गाडी करण्याची विद्या विकणे. ज्या देशांना स्वतःची मोटार हवी होती, परंतु दाबयंत्रे विकत घेण्याइतके परकीय चलन नव्हते, त्यांच्यासाठी काचतंतूंची गाडी हा सोपा प्रवेशद्वाराचा रस्ता होता. इस्रायलमध्ये हैफाच्या ऑटोकार्स कंपनीची ‘सुसिता’, १९६६ पासून तुर्कस्तानची ‘अनादोल’, पुढे ग्रीसमधील ‘फॉक्स’ या सगळ्या टॅमवर्थच्या साह्याने उभ्या राहिल्या. सुसिता उंटांनी खाल्ली आणि अनादोल बैलांनी, अशा दंतकथा त्या-त्या देशांत रूढ आहेत. राष्ट्राची पहिली मोटार जनावराने खाल्ली असे सांगताना त्या लोकांच्या बोलण्यात थट्टेइतकीच माया असते असे वाचण्यात येते. नवस्वतंत्र वा नवोत्सुक देशांच्या या पंगतीत भारताचे पान मांडले गेले ते सर्वांत शेवटी.

आपल्याकडचे चित्र जुन्या वाचकांना आठवत असेल. १९५१ च्या उद्योग नियमन कायद्याने परवान्याशिवाय कारखाना काढणे अशक्य झाले. देशातच भाग घडविण्याची अट आल्यावर जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. उरल्या तीन गाड्या: कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. नाव नोंदवावे आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी. मुलीच्या जन्माबरोबर स्कूटर नोंदवून ठेवणारे मध्यमवर्गीय बाप आपण पाहिले आहेत. मोटारीची कथा त्याहून वेगळी नव्हती. सामान्य माणसाला झेपेल अशी लहान मोटार हवी, असा विचार १९५९-६० मध्ये एल. के. झा समितीने मांडला. त्यावर पुढे एक दशकभर खल झाला. आणि या खलाच्या काळात आपल्या इचलकरंजीत एक माणूस गाडी करून बसला होता! शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्ये आपल्या ‘मीरा’ या छोट्या मोटारीचा पहिला नमुना तयार केला आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे सुधारून-सुधारून नवे नमुने काढले. गाडी रस्त्यावर धावत होती. उत्पादनाला मंजुरी मात्र मिळाली नाही. मीरेची आठवण आजही कृष्णाकाठी हळहळून काढली जाते. मला त्या हळहळीत तथ्य वाटते. परवाना नाकारणारा कागद लिहिणाऱ्यास पाच मिनिटे लागतात, आणि लिहिणारा वाईट माणूस असलाच पाहिजे असे नाही. त्याच्यासमोर पोलादाचा तुटवडा आणि परकीय चलनाचा तक्ता असतो. पण त्या पाच मिनिटांत कुणाची तरी पंचवीस वर्षे जातात, हेही तितकेच खरे.

बंगळूरच्या सिपाणींचे दैव मीरेहून बरे. १९७३-७४ च्या सुमारास सनराइज ऑटो इंडस्ट्रीज या नावाने त्यांनी प्रारंभ केला आणि ‘बादल’ नावाची काचतंतूंची गाडी काढली. तिला चाके होती तीन! पुढे एक, मागे दोन. एंजिन मागच्या अंगाला, एकशे अठ्ठ्याण्णव घनसेंटिमीटरचे, दोन धावांचे, म्हणजे स्कूटरच्याच जातकुळीचे. टॅमवर्थशी तेव्हा काही संबंध नसताना बंगळुरात काचतंतू आणि तीन चाके हीच जोडी अवतरावी, हा योगायोग म्हणता येणार नाही. भांडवल थोडे आणि पोलादी डाय अशक्य, अशा माणसाने मोटार करायला घेतली की तो फिरून-फिरून याच ठिकाणी पोहोचतो. बादलला नंतर चौथे चाकही लावून पाहिले गेले. परंतु रिक्षाहून महाग आणि मोटारीहून उणी अशा वस्तूला आपल्या समाजात गिऱ्हाईक मिळणे कठीण. ज्याला तीनचाकीत बसायचे तो रिक्षा बोलावतो; जो मोटार घेतो तो शेजाऱ्याने ती मोटार म्हणून ओळखावी अशी इच्छा बाळगतो.

मग किटन आली. टॅमवर्थने जी गाडी सोडली तिचे हक्क बंगळूरने घेतले आणि १९८२ पासून ती डॉल्फिन या नावाने येथे होऊ लागली. प्रारंभी एंजिनादी महत्त्वाचे भाग रिलायंटकडून सुटे येत आणि येथे जोडले जात. म्हणजे इंग्लंडमधील गाळ्यात हौशी माणूस पेटी उघडून जे करीत असे, तेच येथे एक कारखाना करीत होता. डॉल्फिन दिसायला नेटकी होती. त्या काळच्या रस्त्यांवर अकराशे किलोंहून जड ॲम्बॅसडर चालत असे. तिच्या शेजारी सव्वापाचशे किलोंची ही गाडी म्हणजे बैलगाडीशेजारी टांगा. तिचे खरे तेज दिसले ते मद्रासजवळच्या शोलावरमला. तेथील युद्धकालीन धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत. जे वजन आठ हंड्रेडवेटच्या कायद्यासाठी एकेक छटाक करून घटविले गेले होते, ते या शर्यतींत उपयोगी पडले. ॲल्युमिनियमचे एंजिन चटकन वेग घेई आणि मागून ढकलणारी चाके वळणावर हुशार चालकाच्या मनाप्रमाणे वागत. ऐंशीच्या दशकात डॉल्फिनने शर्यतींत आणि रॅलींत चांगले नाव मिळविले. खाणकामगाराच्या संसारी गाडीचे एंजिन असे दक्षिणेच्या उन्हात तरण्याबांड पोरांच्या हाती गर्जू लागले, ही या इतिहासातली मला सर्वांत आवडणारी घटना आहे.

तथापि संसारी माणसाच्या दारी ती फारशी गेली नाही. दोन दरवाजे ही मोठी अडचण. आपल्याकडे आजी मागच्या आसनावर बसते, आणि नऊवारी नेसलेल्या वृद्धेने पुढचे आसन वाकवून त्यामागून शिरावे ही कल्पना केंब्रिजात सुचेल, कोल्हापुरात नाही. शिवाय काचतंतूंचे कवच पत्र्यासारखे पोचत नाही, ते तडकते. नाक्यावरचा पत्रेकाम करणारा मिस्त्री हातोडी घेऊन तिच्यापुढे हतबल. या उणिवा सुधारण्याजोग्या होत्या आणि कंपनीने त्या ओळखल्याही. १९८७ च्या सुमारास मूळ गाडी लांबवून, मागच्या आसनाला स्वतंत्र दारे देऊन ‘मोंटाना’ काढण्यात आली. ही गाडी टॅमवर्थने कधीच केली नव्हती. ती खास बंगळूरची. पुढे तिला डिझेल एंजिनही लाभले. पण तोपर्यंत खेळ संपल्यातच जमा होता.

कारण १४ डिसेंबर १९८३ या दिवशी पहिल्या मारुतीची किल्ली पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते दिली गेली होती. सातशे शहाण्णव घनसेंटिमीटर, किंमत साडेसत्तेचाळीस हजारांच्या आसपास. मागे जपानची सुझुकी आणि पाठीशी खुद्द भारत सरकार. पोलादी डाय, दाबयंत्रे, लाखांचे उत्पादन, सारे तेथे होते. मिनीने इंग्लंडात किटनचे जे केले तेच मारुतीने भारतात डॉल्फिनचे केले. या दोन लढायांत एक फरक मात्र नोंदविला पाहिजे. मिनी ही आधीपासून मैदानात होती आणि किटन समजून-उमजून तिच्यासमोर गेली. सिपाणींनी ज्या भारतात प्रारंभ केला तेथे तीनच गाड्या होत्या आणि चौथीला रांगेतल्या गिऱ्हाइकांचा आधार होता. त्यांच्या पायाखालची जमीन बदलली ती राजधानीतल्या एका निर्णयाने. त्या निर्णयाने देशाच्या मध्यमवर्गाचे भले झाले, यात शंका नाही. मीही त्याच मध्यमवर्गातला. तरीपण ज्या सरकारने तीस वर्षे लहान कारखानदाराला लहान राहण्याची सक्ती केली, त्यानेच एके दिवशी मोठा प्रतिस्पर्धी होऊन त्याच्यासमोर उभे राहावे, यात काहीतरी खटकते.

उरलेली हकिकत थोडकी आहे. १९९३ मध्ये प्रवासी मोटारींचा परवाना रद्द झाला आणि परदेशी कंपन्यांना दारे उघडली. सिपाणींनी इंग्लंडच्याच रोव्हर कंपनीची ‘मोंटेगो’ ही मोठी गाडी सुट्या भागांतून जोडून विकण्याचा प्रयत्न केला. मूळ देशात ती तोवर जुनी झाली होती आणि येथे महाग पडली. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मोटारींचे उत्पादन थांबले. टॅमवर्थलाही फार दिवस उरले नव्हते. फेब्रुवारी २००१ मध्ये रिलायंटने शेवटच्या रॉबिन गाड्या काढल्या आणि तीन चाकांचा तो धंदा आटोपला.

त्याच २००१ साली बंगळुरात चेतन मैनी यांच्या कारखान्यातून ‘रेव्हा’ बाहेर पडली: विजेवर चालणारी, पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर प्लॅस्टिकच्या पत्र्यांचे अंग असलेली, दोन दरवाजांची चिमुकली गाडी. भारतात तिला बेताचेच गिऱ्हाईक मिळाले. ती खपली ती लंडनमध्ये, ‘जी-विझ’ या नावाने. फेब्रुवारी २००३ मध्ये लंडनने मध्यवस्तीत येणाऱ्या मोटारींवर गर्दीशुल्क बसविले होते आणि विजेच्या गाड्यांना त्यातून सूट होती. शिवाय युरोपच्या नियमांत बॅटऱ्या वगळून चारशे किलोंच्या आतल्या वाहनाला ‘क्वाड्रिसायकल’ असा निराळा वर्ग होता आणि त्या वर्गाला मोटारीच्या टकरीच्या चाचण्या लागू नव्हत्या. कोठे आठ हंड्रेडवेट आणि कोठे चारशे किलो. आकडे जवळजवळ तेच! टॅमवर्थच्या अंगणात ज्या फटीतून एक गाडी जन्मली होती, तशाच फटीतून बंगळूरची गाडी उलट दिशेने विलायतेत शिरली. २००७ मध्ये तेथे तिच्या टकरीच्या चाचण्या घेतल्या गेल्या, निकाल वाईट आले आणि वृत्तपत्रांत गहजब झाला. २०१० मध्ये महिंद्र उद्योगसमूहाने ही कंपनी आपल्या ताब्यात घेतली, आणि पुढे त्या कारखान्याने जी नवी गाडी काढली ती क्वाड्रिसायकल नव्हती. दरवाजे मात्र तिलाही दोनच होते.

डॉल्फिन आता हौशी लोकांच्या संग्रहात आढळतात. काचतंतूंच्या अंगाला गंज चढत नाही, रंग तेवढा उडतो. खालचा सांगाडा मात्र पोलादी आहे. तो आतून खाल्ला जातो. त्यामुळे जुनी डॉल्फिन घेणारा जाणकार तिच्या सुबक कवचाकडे पाहत नाही. तो आधी गुडघे टेकतो, विजेरी पेटवतो आणि पोटाखाली डोकावतो.